परदेशी विहारात राहणारी आपली पोरं : दिवस कसा जातो, श्रद्धा कशी टिकते?

अडाणकाठ

सर्वांना जय भीम, नमस्कार.

आमच्या गावातलं एक पोरगं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला श्रीलंकेला जाऊन भिक्खू व्हायचं आहे, तिथल्या परिवेणात, म्हणजे भिक्खूंच्या शाळेत, पाली शिकायची आहे आणि पुढे संघ पाठवेल तिथे धम्मदूत म्हणून राहायचं आहे. माझा लहान भाऊ त्याच वाटेनं गेला. आज तो कुरुनेगल भागातल्या एका खेड्यातल्या विहारात आहे. म्हणून त्या पोराचे वडील आमच्याकडे विचारायला आले. कास्तकार माणूस, कोरडवाहू वावर, एकुलता एक मुलगा. प्रश्न सरळ होते. पोरगं खाईल काय? आजारी पडलं तर पाहील कोण? तिकडं आपला बुद्ध तोच आहे का? आणि आम्ही म्हातारे झाल्यावर कसं?

भावाकडून जे कळलं ते लिहितो. ज्यांनी स्वतः परदेशात चीवरात, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रात, दिवस काढले त्यांनी भर घालावी. इथे जे ठरेल त्यावर एका घराचा निर्णय अवलंबून आहे.

भावाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. पहिलं काम अंगण झाडायचं. विहाराचं अंगण वाळूचं, त्यात बोधिवृक्षाची पानं रात्रभर गळतात. खराट्याच्या रेघा एका दिशेनं सरळ उमटल्या पाहिजेत, नाहीतर थोरले भंते काही न बोलता खराटा पुन्हा हातात देतात. मग बुद्धपूजा. सकाळचं आणि दुपारचं जेवण गावातली घरं पाळीनं आणतात. भिंतीवर महिन्याचा तक्ता आहे, प्रत्येक तारखेपुढे एका घराचं नाव. कुणाच्या वडिलांचं पुण्यस्मरण असतं, कुणाच्या लेकराचा वाढदिवस. लोक तारीख मागून घेतात. लाल भात, नारळाच्या दुधातली मसुरीची डाळ, खोबऱ्याची तिखट चटणी, फणसाची भाजी. बारा वाजायच्या आत जेवण आटोपलं पाहिजे. त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चहा किंवा गाळलेला रस, बस. वावरातून आल्यावर रात्री पोटभर जेवायची सवय असलेल्या आपल्या पोरांना सुरुवातीला हेच सगळ्यात जड जातं.

दुपारी परिवेणात पाली, संस्कृत, सिंहली. सिंहली आल्याशिवाय तिथे पान हलत नाही. पाली शिकवतात तीही सिंहली लिपीत. संध्याकाळी वंदना, आणि कुणाच्या घरी आजारपण, वास्तू किंवा मयत झाली असेल तर परित्राण, म्हणजे रक्षणासाठी सुत्तांचं पठण. पांढरा दोरा आणि पाण्याचा कलश आपल्यासारखाच. रविवारी सकाळी गावातली सगळी लेकरं पांढरे कपडे घालून विहारात धम्म शिकायला येतात. प्रत्येक पौर्णिमेला देशभर सरकारी सुट्टी असते. म्हातारी माणसं त्या दिवशी आठ शील घेऊन दिवसभर विहारातच थांबतात.

आता त्या काकांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण भावाला खरा त्रास भुकेचा झाला नाही, याचा झाला. तिथल्या बऱ्याच विहारांच्या आवारात विष्णूचं आणि कतरगम देवाचं देवालय असतं. लोक आधी बुद्धाला फुलं वाहतात आणि मग तिकडे जाऊन नवस बोलतात. बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, अशी आहे. ती प्रतिज्ञा आमच्या घरी आजोबांपासून पाठ. भावानं फोनवर विचारलं, "दादा, मी कुठं आलो?" त्या आवाजानं मला दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी त्यानं थोरल्या भंतेंना स्पष्ट सांगितलं की मी देवालयात पाऊल ठेवणार नाही आणि का ठेवणार नाही. भंतेंनी बाबासाहेबांबद्दल सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, बुद्धानं देवाकडे मागायला सांगितलेलं नाही हे तू बरोबर बोलतोस, तू बोधिवृक्षाची सेवा कर. तेव्हापासून देवालयाचं कोणतंही काम त्याच्याकडे येत नाही. पण प्रत्येक विहारात असे भंते भेटतील याची खात्री मी त्या काकांना कशी देऊ?

दुसरी गोष्ट जातीची. ज्या रोगातून बाहेर पडायला आपण धम्म घेतला तो तिथल्या संघातही शिरलेला आहे. १७५३ मध्ये सयामहून (आजचं थायलंड) उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, आणून उभा राहिलेला सियाम निकाय (निकाय म्हणजे संघाची शाखा) उपसंपदा फक्त गोविगम या शेतकरी जातीच्या मुलांना देतो. बाकीच्यांसाठी १८०० च्या सुमारास ब्रह्मदेशातून दीक्षा आणून अमरपूर निकाय उभा राहिला. पुढे रामञ्ञ निकाय आला. म्हणजे जायच्या आधी कोणत्या निकायात जातोय हे विचारलंच पाहिजे. भावाला गावातल्या कुणी जात विचारली नाही, हेही सांगतो. सत्तरीची माणसं त्याच्यापुढे गुडघे टेकतात. आमच्या आजोबांना ज्या गावात विहिरीवर चढू दिलं नाही, त्या गावाचा नातू. तिकडे भिक्खूच्या नावाआधी त्याच्या गावाचं नाव लावायची पद्धत आहे. वल्पोल राहुल, बळंगोड आनंद मैत्रेय ही नावं तशीच पडली. माझ्या भावाच्या नावाआधीही आता आमचं गाव लागतं.

पऱ्हाटी

दादा, राग मानू नका, मी सरळ विचारून रायलो. आमच्या गावात विहार बांधून ठेवलं हाये. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आन् वर्षावासात ग्रंथवाचन, बाकी वर्षभर कुलूप. पोट्ट्यांले पंचशील पाठ नाई. आन् हुशार पोट्टं भिक्खू झालं का ते जाते श्रीलंकेले, नाई तं थायलंडले. काऊन? इकडच्या म्हाताऱ्यांले धम्म कोण सांगीन? बाबासाहेबांनी भिक्खू कायच्यासाठी पाह्यजे म्हणून सांगतलं होतं?

इसानचा_पाहुणा

पऱ्हाटीदादा, प्रश्न अगदी मुळावरचा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तो स्वतःच मांडला आहे. भिक्खू हा परिपूर्ण माणूस घडवायचा आहे की समाजसेवक? नुसता परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वार्थी, धम्मप्रसाराला त्याचा उपयोग नाही. समाजसेवक असेल तर मात्र तो धम्माची आशा ठरेल, असा त्याचा भाव आहे. १९५० मध्ये महाबोधी मासिकात त्यांनी हेही लिहिलं की भिक्खू थोडे असले तरी चालतील, पण शिकलेले हवेत, आणि सेवेच्या बाबतीत ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून घ्यावं. आता शिकलेला भिक्खू घडवायचा तर तो कुठे घडवणार? इकडे आपल्याला अडीच हजार वर्षांची सलग परंपरा उरली नव्हती. बाबासाहेबांना १४ ऑक्टोबर १९५६ ला त्रिसरण पंचशील देणारे भदंत चंद्रमणी जन्मानं ब्रह्मदेशचे. भदंत आनंद कौसल्यायन पंजाबात जन्मले, १९२८ मध्ये श्रीलंकेत भिक्खू झाले, आणि नागपूरनं त्यांना शेवटपर्यंत आपलं मानलं. भदंत सुरई ससाई तर जपानहून आले आणि नागपूरकरच झाले. कुणाच्या तरी आईनं आपलं पोरगं दूर देशी जाऊ दिलं म्हणून आपल्या विहारात वंदना होते. महावंस या श्रीलंकेच्या जुन्या इतिहासग्रंथात लिहिलं आहे की अशोकाच्या काळच्या तिसऱ्या संगीतीनंतर (भिक्खूंच्या मोठ्या सभेनंतर) महाधम्मरक्खित थेरांना महारठ्ठात पाठवलं. महिंद लंकेला गेले तेव्हाच ते आपल्याकडे आले. ही ये-जा आजची नाही.

माझा अनुभव लिहितो. मी ईशान्य थायलंडमध्ये, उबोन रातचथानीकडच्या एका वनविहारात भिक्खू होतो. त्या भागाला इसान म्हणतात. इसान म्हणजे त्यांचा विदर्भच समजा: पावसावरची शेती, कर्ज, आणि तरुण पोरं कामाला बँकॉकला.

पहाटे तीनला घंटा. वंदना, ध्यान. तळहाताच्या रेषा दिसायला लागल्या की उजाडलं असं धरायचं, आणि पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला, अनवाणी निघायचं. रस्ता मुरमाचा. पहिल्या पावसाळ्यात माझ्या टाचा फुटून रक्त यायचं. पुढे तळवे घट्ट होतात. घरासमोर बाया चिकट भाताची टोपली घेऊन गुडघ्यावर बसलेल्या असतात. हातानं एक-एक मूठ पात्रात टाकतात. भात इतका वाफाळलेला की पात्र बाहेरून चटके देतं आणि ते चीवराच्या आत पोटाशी धरलेलं असतं. कुणी काही बोलत नाही, आपणही मान वर करत नाही. एक म्हातारी रोज यायची, तिच्या टोपलीत दोनच मुठी भात असायचा. रांगेतल्या शेवटच्या श्रामणेरापर्यंत (शिकाऊ भिक्खूपर्यंत) पुरावा म्हणून ती चिमटी-चिमटीनं टाकायची. माझी श्रद्धा ग्रंथांनी जितकी टिकवली तितकीच तिनं टिकवली. आज मला काय मिळालं हा प्रश्न तिच्यापुढे उभं राहिल्यावर सुचतच नाही.

जेवण दिवसातून एकदाच, आठ-नऊच्या सुमारास, सगळं एकाच पात्रात. तीन वाजता झाडलोट, विहिरीचं पाणी काढणं, संडास घासणं. चीवर स्वतः शिवायचं आणि फणसाच्या गाभ्याच्या चिपा उकळून त्या पाण्यात रंगवायचं. चूल दिवसभर धगधगत ठेवावी लागते, हात पिवळे होतात. अमावस्या-पौर्णिमेला २२७ नियमांचं पातिमोक्ख. एक भिक्खू तोंडपाठ म्हणतो, बाकीचे ऐकतात. पालीचा उच्चार वेगळा, 'भगवतो' तिथे 'फखवतो' ऐकू येतं. पहिल्या दिवशी वंदनेत मी एकटाच वेगळा वाजत होतो. सोबतचे भंते हसले नाहीत, त्यांनी मला पुढच्या ओळीत बसवलं.

पैसा हातात घेता येत नाही. म्हणून घरी पैसे पाठवता येत नाहीत, हे आधीच घरच्यांना कळलेलं बरं.

चिखलदऱ्याची_लेक

धागा बौद्ध बांधवांचा आहे, तरी लिहिते. माझी मावशी कॅथलिक सिस्टर आहे, पूर्व आफ्रिकेतल्या एका आडगावच्या दवाखान्यात नर्स. आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातले.

तिचा दिवस ऐकून वाटतं, अडाणकाठ दादांच्या भावाशी तिचं बोलणं लगेच जुळेल. पहाटे प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), मग दिवसभर बाळंतपणं, मलेरिया, जखमा. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना, जपमाळ, आणि रात्री मौन. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं. सगळ्यात अवघड कोणतं असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, आज्ञापालन. माझी आजी गेली तेव्हा तिला निघता आलं नाही. दवाखान्यात दुसरी नर्स नव्हती. तिनं त्या रात्री एक बाळंतपण केलं आणि सकाळच्या मिस्सात आजीचं नाव घ्यायला लावलं. मला त्या वेळी तिचा खूप राग आला होता. आज तिथल्या बाया तिला आई म्हणतात ते मी व्हिडिओ कॉलवर ऐकते.

आमच्या मेळघाटाच्या पायथ्याला कोठाऱ्याचं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय मिशनऱ्यांनीच उभं केलं. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले, शाळा काढली, गोंडांची गाणी लिहून घेतली, इथले दगड-माती अभ्यासले आणि १८६३ मध्ये टाकळघाटच्या बाजूला पुराच्या पाण्यात वाहून गेले. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहणारं असेलच. आपण इतकी वर्षं घेणारे होतो. आता आपल्या घरातलं माणूस देणाऱ्यांत गेलं आहे, असं मी मावशीकडे पाहते.

अडाणकाठ

ताई, तुमच्या आजीचं वाचून आईची आठवण झाली. भाऊ पहिल्यांदा घरी आला तेव्हाचं सांगतो. आईनं खुर्चीवर पांढरं धुतलेलं कापड टाकलं, पंचांग प्रणाम केला आणि "वंदामि भंते" म्हणाली. पोटच्या पोराला. तो "सुखी होतु" म्हणाला आणि दोघंही बराच वेळ गप्प. भिक्खूला स्वतःसाठी अमुकच खायला द्या असं मागता येत नाही, आजारी असल्याशिवाय. आईला ते माहीत होतं. तिनं न विचारता ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी केली, अकरा वाजायच्या आत, आणि नियमाप्रमाणे स्वतःच्या हातानं पात्रात वाढलं. तो जेवला तोवर ती उभीच होती. नंतर मला म्हणाली, "भाकर मोडायची ढब काई बदलली नाई त्याची."

इसानचे पाहुणे, तुम्ही 'भिक्खू होतो' असं लिहिलंत. चीवर का सोडलं, हे विचारणं योग्य वाटत असेल तरच सांगा.

इसानचा_पाहुणा

सांगतो, कारण त्या काकांना हेही कळायला हवं. वडिलांना लकवा झाला. भाऊ नाही. बहिणी सासरी. काही काळ मी जाऊन-येऊन पाहिलं. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, याची सोय आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, भिक्खूला मुक्काम सोडता येत नाही. पण आई किंवा वडील आजारी असतील तर सात दिवसांपर्यंत जाता येतं, बोलावणं आलेलं नसलं तरी. मिळालेल्या दानातून आई-वडिलांना देता येतं, हेही भगवंतांनी मान्य केलं आहे. पण लकवा झालेल्या माणसाला रोज उठवायला, बसवायला कुणी लागतं. म्हणून मी माझ्या आचार्यांसमोर शिक्षा (भिक्खूचे नियम) परत केली, म्हणजे चीवर सोडलं, आणि आलो. थायलंडमध्ये याला कुणी नावं ठेवत नाही. तिथे पोरं एका वर्षावासापुरती भिक्खू होऊन परत शेतीला लागतात. श्रीलंकेत मात्र चीवर सोडणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहतात. आपल्या गावात काय होईल ते घराच्या लोकांनी आधीच ठरवावं. पोरगं परत आलं तर "पळून आला" असं कुणी म्हणणार नाही, एवढं वचन बापानं पोराला निघताना द्यावं.

मी आता संध्याकाळी गावच्या विहारात लेकरांना बसवतो. पऱ्हाटीदादा, आमच्याकडचं कुलूप निघालं आहे.

मूलची_मास्तरीण

आमच्या शाळेतल्या दोन मुली विचारतात, भिक्खुनी होता येतं का? कुठे जायचं?

इसानचा_पाहुणा

ताई, थायलंडमध्ये अडचण आहे. १९२८ च्या संघराजांच्या आदेशानं तिथल्या भिक्खूंना स्त्रियांना दीक्षा द्यायला मनाई केली, तो अजून उठलेला नाही. थाई स्त्रियाही श्रीलंकेला जाऊन दीक्षा घेतात. श्रीलंकेतली भिक्खुनी परंपरा शतकानुशतकं खंडित होती. ती १९९६ मध्ये आपल्या सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला झालेल्या उपसंपदेनं पुन्हा सुरू झाली. मुली वीस वर्षांच्या झाल्याशिवाय उपसंपदा नाही. तोवर शिकू द्या, पाली सुरू करा.

पऱ्हाटी

वाचलं सगळं. माहं म्हणणं अजून तेच हाये का जाणाऱ्यानं परत यावं, पण पाठवाले आता मी नाई म्हणत नाई. एक गोष्ट सांगतो. आमच्या बाजूच्या तालुक्यात एक माणूस पोट्ट्यांले "भिक्खू करून परदेशात नेतो" म्हणून मायबापाकडून पैसे घेऊन गेला आन् पोट्टे मुंबईहूनच वापस आले. जो पैसे मागते त्याच्या मागं जाऊ नका. विहाराच्या भंतेचं सही-शिक्क्याचं पत्र पाह्यल्याशिवाय वावर गहाण टाकू नका.

अडाणकाठ

हे फार महत्त्वाचं बोललात. भावाच्या वेळी विहारप्रमुखांचं पत्र आधी आलं, व्हिसा त्यावर धार्मिक वर्गातून झाला, आणि कुणी एक रुपया मागितला नाही. तिकिटाचे पैसे गावानं वर्गणी करून दिले.

काल काकांकडे जाऊन आलो. इथलं सगळं वाचून दाखवलं. काकूंनी एकच विचारलं, आमची परवानगी खरंच लागते का, की ते नुसतं विचारायचं म्हणून विचारतात? मी त्यांना बुद्धांच्या मुलाची, राहुलाची गोष्ट सांगितली. राहुलाला प्रव्रज्या (घर सोडून संघात येण्याची दीक्षा) दिल्यावर बुद्धांचे वडील शुद्धोदन भगवंतांकडे गेले आणि म्हणाले की पुत्राचं प्रेम कातडी, मांस, हाड भेदून मज्जेपर्यंत जातं, यापुढे आई-वडिलांच्या परवानगीशिवाय कुणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी तो नियम केला. आजही उपसंपदेच्या वेळी भर संघात विचारतात, आई-वडिलांची अनुज्ञा आहे का? काकू म्हणाल्या, "म्हणजे मायचं आयकलं होतं कोणीतरी." शुद्धोदन बाप होते, पण मी काही दुरुस्त केलं नाही.

ठरलं ते असं. पोरगं आधी बी.ए. पुरं करणार. हिवाळ्यात दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात बसून एका वेळच्या जेवणाची आणि पहाटेची चव घेणार. तरीही मन तेच म्हणत असेल तर माझा भाऊ त्याच्या थोरल्या भंतेंना विचारून पत्र मागवेल. निकाय कोणता, देवालयाचं काय, आजारपणात दवाखाना किती दूर, हे तिन्ही प्रश्न पत्रातच विचारायचे. आणि परत आलास तर दार उघडं आहे, हे काका त्याला आमच्यासमोर बोलले.

तर मंडळी, वाशीम, यवतमाळ किंवा अकोल्याच्या बाजूला डिसेंबरात तूर सोंगायच्या आत होणारं चांगलं श्रामणेर शिबिर कुणाला माहीत असेल तर इथे लिहा. भंते शिस्तीचे हवेत.